आमाले बी दिसत नाई

मंगळवारच्या बैठकीत विपुलने हसत हसत तो शब्द उच्चारला, आणि मंजुषाला क्षणभर वाटलं, जिन्यातून कोणीतरी दुसऱ्याच कुणाच्या पोरीला हाक मारतं आहे. "लोक पासवर्ड म्हणून काय काय ठेवतात माहितीये? बाहेरच्यांचं सोडा, आपल्याच ऑफिसातला नमुना सांगतो," तो म्हणाला. "आचल, आणि पुढे शून्य नऊ. संपलं! एवढ्याशा शब्दावर सगळा संसार टांगून ठेवलाय. कुणाची मैत्रीण आहे रे ही आचल?" खोलीतली दहा-बारा पोरं-पोरी खळखळून हसली. मंजुषाच्या हातात चहाचा कागदी कप होता. तो तिने टेबलावर ठेवला तेव्हा त्यातला चहा सांडलाही नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं. तोंडावर हसूसुद्धा आलं होतं बहुतेक, कारण शेजारची पोरगी तिच्याकडे बघून हसत होती आणि समोरचा हसला की आपणही हसावं ही सवय अंगात मुरलेली असते. त्या हसण्याची तिला नंतर जितकी शिसारी आली तितकी विपुलच्या शब्दांचीही आली नाही. विपुलने पडद्यावर पुढचं चित्र आणलं, पासवर्ड कसा लांब असावा, कसा वेडावाकडा असावा ते तो सांगू लागला, आणि ती खालच्या रस्त्यावरच्या ऑटोंचे भोंगे ऐकत बसली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा शब्द तिने कधी कोणाला सांगितला नव्हता. कागदावर लिहिला नव्हता. घरात नवऱ्यासमोर सात वर्षांत एकदाही उच्चारला नव्हता. मग याला कसा कळला?

अमरावतीत राजापेठेत एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर ही कंपनी होती. नाव 'कडी'. विपुल पुण्याला शिकला, तिथे चार वर्षं नोकरी केली आणि गावाकडे परतून त्याने ही काढली. कल्पना साधी होती. माणसाला हल्ली वीस ठिकाणी वीस पासवर्ड लागतात, पेन्शनला वेगळा, गॅसला वेगळा, बँकेला वेगळा. ते सगळे इंटरनेटवरच्या एका पेटीत ठेवायचे आणि त्या पेटीला एकच मोठा पासवर्ड लावायचा. तो मोठा पासवर्ड तेवढा आपल्या डोक्यात. कंपनीलाही तो दिसत नाही, आणि तो नसेल तर पेटीतलं कोणालाच काही वाचता येत नाही, अशी सगळी रचना. निदान जाहिरातीत तरी तसंच लिहिलं होतं. मंजुषा दोन वर्षांपूर्वी इथे लागली ती फोनवर लोकांना मदत करायला. मुलाखतीत ती सांभाळून, पुस्तकातलं मराठी बोलत होती. मध्येच आईचा फोन आला आणि ती "माय, थांब जराशी, मंग करतो मी फोन" म्हणाली, तसा विपुल खुर्चीत पुढे सरकला होता. "हेच! हेच पाहिजे मला. अशीच बोल लोकांशी. या बोलण्यात भरवसा वाटतो." तिला तेव्हा बरं वाटलं होतं. शाळेपासून जी बोली लपवत आलो तिचाच कोणी पगार देतो म्हणाला तर बरं वाटणारच. मग ती दोन वर्षं तशीच बोलली. परतवाड्याचा औषधाचा दुकानदार, नांदगावची अंगणवाडीची बाई, निवृत्त झालेले मास्तर, तलाठी, नर्सा. सगळ्यांचा प्रश्न एकच असे. "बाई, तुमाले त दिसत असन ना आमचं सारं?" आणि तिचं उत्तर ठरलेलं. "नाई हो काका. आमाले बी दिसत नाई. तुमची कडी तुमच्याच हातात." हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल? हजार वेळा? इतक्या वेळा, की पुढे विपुलने ते तिच्याच आवाजात जाहिरातीत घातलं. आता ते वाक्य तिच्या तोंडात असं वाटू लागलं, जसं कोणी आपलं तोंड भाड्याने घेऊन आत काहीतरी ठेवून गेलं आहे.

आचल नऊ दिवस जगली होती. सातव्या महिन्यातच झालेली, तळहाताएवढी, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. मंजुषाला तिला घ्यायला मिळालं ते दोनदाच. एकदा नर्सने पेटीच्या भोकातून हात आत घालायला सांगितलं तेव्हा त्या पोरीने तिच्या करंगळीचं टोक धरलं होतं, आणि ते धरणं इतकं घट्ट होतं की जिवाची आशा वाटावी. नाव संघपालनेच ठरवलं, तिच्या नवऱ्याने. दवाखान्याच्या फाइलवर 'मंजुषाचे बाळ' एवढंच लिहिलेलं. त्याने पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात 'आचल' लिहिलं. नवव्या दिवशी ते नाव फाइलीसकट दवाखान्यात राहिलं. घरी आल्यावर दोघांनी ते एकदाही घेतलं नाही. ठरवून नव्हे. पहिले काही दिवस घेववलं नाही, मग घेण्याची वेळ टळून गेली, आणि पुढे तर घरात एक बंद खोली असावी आणि दोघांनीही तिच्या दारावरून मुकाट जावं तसं झालं. कंपनीत पहिल्या दिवशी पडद्यावर 'तुमचा मुख्य पासवर्ड ठरवा' असं आलं आणि खाली बारीक अक्षरात, 'हा फक्त तुम्हालाच माहीत असेल.' तिची बोटं आपोआप चालली. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेनऊला, खुर्ची पुढे ओढून, ती पहिलं काम हे करायची. इंग्रजीतली सहा अक्षरं, दोन आकडे. पडद्यावर फक्त काळे ठिपके उमटायचे. कोणी बघत नाही, कोणी विचारत नाही, रडायचंही कारण नाही. नुसतं नाव लिहायचं आणि कामाला लागायचं. सात वर्षांत त्या पोरीला मिळालेली जागा म्हणाल तर तेवढीच, त्या ठिपक्यांमागची. आणि हा माणूस त्या जागेत शिरला, इकडेतिकडे पाहिलं, बाहेर येऊन सगळ्यांना विचारू लागला, कुणाची मैत्रीण आहे रे ही?

दुपारी ती अनुपकडे गेली. कंपनीचा सगळा प्रोग्राम लिहिणारा हा पोरगा, तिच्या माहेरच्या अकोल्याचाच, तिच्याच वस्तीपलीकडचा, तिला ताई म्हणणारा. डबा उघडून बसला होता, पण खात नव्हता. तिला पाहून त्याने डबाच बंद केला, आणि तिथेच तिला कळलं. "अनुप, आपल्याले दिसत नाई ना रे?" तिने विचारलं. तो डब्याचं झाकण दाबत राहिला. "माह्याकडे पाहून सांग." मग त्याने हळूच सांगितलं, की आधी खरंच दिसत नव्हतं. पण म्हातारी माणसं पासवर्ड विसरायची, सगळं अडकायचं, फोनवर रडायची. विपुलदादा म्हणाले, मुख्य पासवर्डांची एक प्रत आपल्याकडे असू दे. "मी म्हटलं होतं ताई, असं करू नये. ते म्हणाले, गुंतवणूक करणाऱ्यांना दाखवेपर्यंत राहू दे, मग काढू. मग राहूनच गेलं." दाखव, म्हणाली ती. त्याने इकडेतिकडे पाहून पडदा तिच्याकडे वळवला. एकाखाली एक ओळी. डावीकडे नाव, उजवीकडे शब्द. उघडे, नागडे शब्द. त्यांत काय नव्हतं? लेकरांची नावं, देवांची, गावांची, एका बाईच्या नावापुढे एक अशी शिवी, की ती नक्की सासरच्या कोणासाठी असावी. हात पुढे करून पडदा झाकायच्या आधीच तिची नजर एका ओळखीच्या नावावर पडली, पुंजाजी गुरुजी, अकोला. आणि त्यांच्यासमोरचा शब्द तिने वाचला. तो इथेही लिहिणं बरं नाही. वाचलेलं परत न वाचलेलं करता येत नाही, हे तिला त्या क्षणी जसं कळलं तसं कधी कळलं नव्हतं. "बंद कर," ती म्हणाली. "बंद कर अनुप, बंद कर ते."

विपुलच्या काचेच्या केबिनमध्ये ती न विचारता गेली. तो फोनवर होता; त्याने बोटाने बसायला सांगितलं; ती बसली नाही. तिने एका दमात सांगितलं, तो पासवर्ड माझा होता. त्याचा चेहरा खरंच पडला, हे तिने मनातल्या मनात मान्य केलं. "अगं, ऑफिसच्या ओळींतले मी नुसते शब्द बघितले, नावं नाही; मला वाटलं पोरांपैकी कोणाचा तरी असेल. सॉरी. पण मी तुझं नाव घेतलं का?"

"माह्यं नाई घेतलं. तिचं घेतलं."

"कोणाचं?"

तिने सांगितलं नाही. याला सांगायचं म्हणजे आणखी एकदा दार उघडून द्यायचं. ती म्हणाली, "लोकायले मी काय सांगून राहिली दोन वर्षांपासून?" तेव्हा त्याचा आवाज बदलला. मऊ झाला, समजावणीचा, शाळेत बुद्धू पोराशी बोलावं तसा. "हे बघ मंजुषा, तू भावनेच्या भरात आहेस. आपल्याकडच्या माणसांना खरी सुरक्षा झेपत नाही. ती पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी. इथे माणूस आज ठेवतो, उद्या विसरतो, परवा तुला फोन करून रडतो. आणि तू काय करायचीस? अनुपला सांगायचीस, काढून दे. तो काढून द्यायचा. तेव्हा विचारलंस का कधी, कुठून काढतो म्हणून?" तिने खरंच विचारलं नव्हतं. पाच-सहा वेळा तसं झालं होतं. परतवाड्याच्या दुकानदाराने तर आनंदाने पेढे पाठवले होते आणि ते तिने सगळ्यांना वाटले होते. दिसत नाही तर परत मिळतो कसा, एवढा साधा प्रश्न, चौथीतल्या पोराला पडेल असा, तिला पडला नव्हता. की पडला होता आणि तिने तो बाजूला सारला होता? नोकरी चांगली होती. खुर्ची चाकांची होती. लोक तिला मॅडम म्हणत होते. विपुल बोलतच होता, पुढच्या महिन्यात सगळं दुरुस्त होईल, तोवर हे बाहेर जायला नको, तुझा पगारही बघू. आणि तिला आपली आई दिसत होती. सुंदराबाई, अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं बायांच्या वॉर्डात आया. कोणाच्या पोटात कोणाचं, कोण रडत आली, कोणाच्या पाठीवर कसले वळ, सगळं तिला ठाऊक. वस्तीतल्या बाया नळावर तिला घेरायच्या, सांग ना सुंदरा, अमकीची पोरगी कशाले आली होती? ती म्हणायची, मी फरशी पुसते बाई, मले काय माईत. तिला कोणी गुपित राखायचा पगार दिला नव्हता. तिची जाहिरात नव्हती. झेपत नाही म्हणे! आपल्या माणसांना झेपत नाही! मंजुषाच्या कानशिलातून जाळ निघाला. "तुमाले झेपलं नाई," ती म्हणाली. "लोकायचं नाव नका घेऊ." आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवलं.

संघपाल नांदगाव खंडेश्वरला ग्रामसेवक. संध्याकाळी सातला मोटरसायकल लावून तो आत आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात खालीच बसलेली होती, गॅस न पेटवता. तिने नोकरी सोडल्याचं सांगितलं. का, म्हटल्यावर सगळं सांगितलं, आणि पासवर्ड काय होता तेही. ते नाव त्या घरात सात वर्षांत पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. संघपाल हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"तू रोज लिवत होती?"

"रोज. सकायी गेल्या-गेल्या."

"दोन वर्षं?"

"हो."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. हेल्मेट बाजूला ठेवलं. ती वाट पाहत होती की तो विपुलला शिव्या देईल, पोलिसात जाऊ म्हणेल. त्याने विचारलं ते वेगळंच. "मले काहून नाई सांगतलं? मी बी लिवलं असतं कुठीतरी." तिला हा राग अपेक्षित नव्हता. त्या रागात इतकी तक्रार होती, इतका एकटेपणा, की तिला पहिल्यांदा उमगलं, त्या बंद खोलीच्या दारावरून चालताना तोही रोज पावलं जपून टाकत होता. मग दोघं रडले, आणि रडून झाल्यावर भूक लागली, आणि त्यांनी पोहे केले. पण त्या रडण्याने तिचा संताप विझला नाही. उलट तो स्वच्छ झाला. आपलं दुःख आपण वाटून घेऊ. पण ज्यांना ठाऊकच नाही त्यांचं काय? ते लोक या घटकेलाही निवांत जेवत असतील. तिच्या शब्दावर निवांत.

दुसऱ्या दिवसापासून तिने फोन करायला सुरुवात केली. कंपनीची यादी तिच्याकडे नव्हती. पण दोन वर्षांत कितीतरी लोकांनी तिच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन केले होते आणि तिने ते क्रमांक 'कडी परतवाडा औषधवाले', 'कडी अंगणवाडी ताई' असे जपून ठेवले होते. एकेकाला ती सांगत गेली. मी खोटं बोलली. मले माईत नव्हतं, पन बोलली मीच. आतले सारे पासवर्ड आजच्या आज बदला. काहींना कळलंच नाही. औषधवाला म्हणाला, "मॅडम, मंग पुढच्या वेळी विसरलो त तुमी काढून देसान ना?" एका तलाठ्याने तिला दहा मिनिटं घाण शिव्या दिल्या आणि तिने त्या फोन कानाला लावून पूर्ण ऐकल्या. अंगणवाडीच्या बाईने फक्त विचारलं, "कोनी वाचलं असन का हो?" आणि मंजुषाने पासवर्ड आजच बदलायचं तिला परत एकदा सांगितलं. गुरुवारी कंपनीच्या पानावर दोन ओळी झळकल्या, 'आपल्या अधिक चांगल्या अनुभवासाठी आम्ही काही सुधारणा करीत आहोत.' शुक्रवारी तिला वकिलाची नोटीस आली. कंपनीबद्दल अफवा पसरवणं तात्काळ थांबवावं, अन्यथा. शुक्रवारीच अनुपचा निरोप आला, 'ताई, मी ती यादी पुसून टाकली. विपुलदादांना सांगून पुसली. मला कामावरून काढलं.' ती त्याला काय लिहावं याचा विचार करत राहिली आणि शेवटी लिहिलं, 'घरी ये जेवायला.'

पुंजाजी गुरुजींना मात्र तिने फोन केला नव्हता. तो शब्द तिने वाचला होता. फोनवर सांगून सुटका नव्हती. शनिवारी सकाळी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली. मूर्तिजापूर जाईपर्यंत ती मनात वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्यात आपण थोड्या कमी दोषी ठरतो आहोत हे पाहून ते मोडत होती. गुरुजी हिवरखेडला तीस-बत्तीस वर्षं मास्तर होते, आता अकोल्यात दोन खोल्यांत एकटे राहत. वर्षापूर्वी त्यांनी फोन करून तिला तीन-तीनदा तोच प्रश्न विचारला होता, इतक्यांदा की ती जरा चिडलीच होती. शेवटी तिने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. आज त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोर बसले. तिने सगळं सांगितलं. तुमचा शब्द मी वाचला, हेही सांगितलं.

"माह्या त्या पेटीत काय होतं, माईत आहे तुले?" गुरुजी म्हणाले.

"नाई."

"तेल्हाऱ्याकडे एक गाव आहे. आमच्या लोकायच्या मसनवटीची वाट अडवली तिथल्या मोठ्या लोकायनं. मयत घेऊन नाल्यातून जा लागते. मी चौदा जनायचे जबाब लिवून घेतले. कोनं अडवलं, कोनं दगड मारले, नावानिशी. ते सारे जबाब इंटरनेटवर ठेवले अन् त्याची किल्ली तुमच्याकडे. चौदा जन, मंजुषा. ते अजून त्याच गावात राह्यतात. त्याच लोकायच्या वावरात कामाले जातात. मी त्याइले काय सांगतलं? भेऊ नका, पोरगी शपथ घेऊन सांगते, तिले बी दिसत नाई." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोसलं असतं. "मी माह्या शब्दावर त्याइच्याकडून घेतलं. तुह्या शब्दावर ठेवलं. अन् तुह्या त्या सायबाले चेष्टा सुचली."

ती खाली मान घालून बसली. मग तिने पर्समधून नोटीस काढून दिली. का दिली तिलाही सांगता आलं नसतं. गुरुजींनी चष्मा लावून ती ओळ न ओळ वाचली, शाळेतलं पत्र तपासावं तशी. "अफवा," ते म्हणाले. "अफवा मंजे जे झालंच नाई ते. हे त झालं." त्यांनी कपाटातून कोरा कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. "लिव. जसं झालं तसं. तारीख टाक, पूर्ण नाव टाक. खाली साक्षीदार मनून मी सई करतो. तक्रार करू दोघं मिळून. मंग येऊ दे नोटीस." तिने लिहिलं. 'मी लोकांना सांगत होते की दिसत नाही. दिसत होतं.' पुढे आणखी बरंच लिहिलं, पण ही दोन वाक्यं लिहिताना हात जसा जड झाला तसा नंतर झाला नाही. गुरुजींनी वाचून सही केली. त्यांनी तिला माफ केलं असं मात्र म्हटलं नाही, आणि तिनेही ते मागितलं नाही.

"येत्या सोमवारी मी त्या गावाले जाऊन राहिलो," ते म्हणाले. "चौघा-पाचायले तरी समोरासमोर सांगा लागन. तू येशीन?"

"येईन."

"शिव्या पडतीन."

"पडू द्या."

मग गुरुजी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, जुना संगणक सुरू केला, त्या जबाबांच्या पानावर जुना पासवर्ड काढून नवा टाकायची चौकट आणली. तिने फक्त कुठे दाबायचं ते बोटाने दाखवलं. "आता तिकडे पाह्य," ते म्हणाले. ती उठून पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागून एका बोटाने कळ दाबल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर गुरुजींचा स्पष्ट, खणखणीत आवाज, फळ्यावर लिहिता लिहिता वर्गाला ऐकवावं तसं पहिलं अक्षर.

"गुरुजी, बोलू नका ना."

"मी कुठी बोलून राहिलो?" ते खरोखर चकित होऊन म्हणाले. परत कळ दाबली गेली, आणि परत अक्षर, तितकंच स्पष्ट.

मंजुषाने दोन्ही तळहात कानांवर दाबले. आणखी दाबले, इतके की आत नुसतं स्वतःच्या रक्ताचं घुमणं ऐकू येऊ लागलं, आणि गुरुजींनी येऊन खांद्याला हात लावेपर्यंत ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.